साखरपुड्याआधीचा फोन

साखरपुडा रविवारी होता आणि ऐश्वर्याला फोन त्याआधी हवा होता. एवढ्याचसाठी शुक्रवारी सकाळी हातातल्या शिलाया बाजूला सारून, वडलांना घेऊन ती शिरड शहापूरहून हिंगोलीच्या एस.टी.त बसली.

घाई कशाची, असं कुणीही विचारलं असतं. आमच्या भागात हल्ली साखरपुड्याला मुलाकडून साडी येते, अंगठी येते आणि फोन येतो. ताटात साडीच्या घडीवर खोका ठेवतात आणि फोटो काढताना कंपनीचं नाव दिसेल असा फिरवून ठेवतात. दोन दिवसांत फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी जी पोरगी गाठीचे पैसे घालते, तिला लोक येडीच म्हणणार. पण फुकट काहीच नसतं, हे ऐश्वर्याने थोरल्या बहिणीच्या घरी बघितलं होतं. शीतलला असाच गुलाबी फोन आला होता. लग्नाआधी नवरदेव दिवसातून दहादा फोन करायचा तेव्हा सगळ्या गल्लीला कौतुक. लग्नानंतर मात्र 'मी घेऊन दिलाय' हे रोजच्या जेवणाबरोबर वाढलं जाऊ लागलं. काही बिनसलं की फोन कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात. आता शीतल आईशी बोलायलासुद्धा शेजारणीचा फोन मागते.

ऐश्वर्याला मुलगा नापसंत होता असं नाही. रत्नपाल हिंगोलीत एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दिसायला नीटस, बोलायला मऊ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नाही म्हणावं असं काही सापडलं नाही म्हणून हो झालं. बऱ्याच लग्नांची गोष्ट एवढीच असते, आपण उगाच लांबण लावतो.

तिला त्या सगळ्यात एकच वस्तू स्वतःची हवी होती. स्वतःच्या पैशाचा फोन आणि त्यात स्वतःच्या नावाचं सिम. ती ब्लाऊज शिवायची. घरात धड फोन एकच, तो जळबाचा, म्हणजे तिच्या वडलांचा. बायका गळ्याच्या नमुन्यांचे फोटो त्याच्यावर पाठवायच्या आणि जळबा गवंडीकामाला परगावी निघाला की नमुनेही त्याच्या खिशातून परगावी जायचे. मग संध्याकाळपर्यंत बसा वाट बघत. लग्नानंतर हिंगोलीत मशीन मांडायचं तिच्या मनात होतं. दारावर पाटी लावायची तर तिच्यावर नंबर तिचाच हवा. तसं तिने रत्नपालला सांगितलेलं नव्हतं. सांगायला अजून दोघं धड बोललीच कुठं होती?

शिलाईतून बाजूला पडलेले सात हजार होते. त्यांच्यावर एक रुपया नव्हता, त्यामुळं चुकायची मुभाही नव्हती. महिनाभर मापं घेता घेता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, तुमचा फोन कोणता, केव्हा घेतला, तापतो का, अडकतो का. फोनच्या बाबतीत आता तिला दुकानदारालाही चार गोष्टी सांगता आल्या असत्या.

दुकान मोहनसिंगचं होतं, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. जळबाच्या पोटात काही राहत नाही. पायरी चढता चढताच त्याने सांगून टाकलं, "रविवारी पोरीचा साखरपुडा हाय, फोन घ्यायचाय."

"मुबारक हो," म्हणत मोहनसिंगने थेट बारा हजारांचा खोका काचेवर ठेवला.

"सात हजाराच्या आतले दाखवा, दादा," ऐश्वर्या म्हणाली.

मोहनसिंगचा चेहरा जरा उतरला, पण धंदा तो धंदा. त्याने तीन खोके मांडले. पहिल्यावर मोठ्या आकड्यात आठ जीबी रॅम लिहिलेलं होतं. तिने खोका उलटा करून खालची बारीक अक्षरं वाचली.

"हे चार आणि चार हाय न? म्हणजे खरी चारच. वरची चार नुसती लिहायला."

"ताई, सब कंपनी ऐसाच लिखती."

"लिहू द्या. मी चारच धरते."

दुसऱ्या खोक्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली. "ह्याला आता अपडेट येणार न्हाई," म्हणून तिने तो सारला. जळबा पोरीकडं टकामका बघत राहिला. आपलं लेकरू हे कुठं शिकलं, त्याला कळेना. तिसरा निळा होता. जाडजूड, कडा रुंद, चार्ज व्हायला तीन तास घेणारा. फोटो कमी उजेडात पांढुरके पडत होते, हेही तिने दुकानाच्या आत अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बघितलं. पण बॅटरी दीड दिवस टिकणारी होती, जागा चौसष्ट जीबी आणि खोका चार महिन्यांपूर्वीचा. ब्लाऊजचे गळे दिवसाउजेडी दिसले म्हणजे झालं. किंमत सहा हजार सातशे. तीनशेत सिम, रिचार्ज आणि वरचं कव्हर.

"हाच द्या," ती म्हणाली आणि ब्लाऊजच्या चिंध्यांतून शिवलेली पिशवी तिने कमरेची सोडली. महिनाभर दडपलेली तिची छाती तेव्हा कुठं मोकळी झाली. खरं सांगायचं तर तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

"जय भीम मामा!" मागून आवाज आला.

रत्नपाल होता. दवाखान्याचा पांढरा कोट घडी करून हातावर, कपाळावर घाम, पण हसरा. ऐश्वर्याने वडलांकडं पाहिलं. जळबाच्या तोंडावर एवढा आनंद होता की तिला दुसरं काही विचारावंच लागलं नाही. बापानेच कळवलं होतं.

"मीच सकाळी फोन केला," जळबा मान डोलवत म्हणाला. "म्हणलं, पोरगी फोन घेऊन राहिली, तुमी उगा दुसरा आणू नका. दोन-दोन काय करायचे?"

रत्नपालने निळा फोन उचलला, तळहातावर तोलला आणि खाली ठेवला. "काहून इतका हलका घेता? लोक काय म्हणतील मला?"

"मला हाच पायजे," ऐश्वर्या म्हणाली. स्पष्ट म्हणाली. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

रत्नपाल हसला. "बघा मामा, किती साधी हाय! अशी पोरगी आजकाल भेटत न्हाई."

जळबाचा ऊर भरून आला. मोहनसिंगही म्हणाला, "नसीबवाले हो भैया." तिने नाही म्हटलं होतं आणि तिघांनी मिळून त्याचं कौतुक करून टाकलं. चिडावं तर कुणावर? चिडली असती तर तेही लाडाचंच ठरलं असतं.

"मला खरंच हाच पायजे," ती पुन्हा म्हणाली. "माझ्या कामाला हा पुरतो. पैसे माझे हायत."

"मग तुमचे पैसे मी नको कुठं म्हणून राहिलो?" रत्नपाल अगदी समजुतीने म्हणाला. "तुमचे सात राहू द्या, वरचे पाच मी घालतो. बारावाला घेऊ. फोन दोघांचा."

एखादा माणूस पैसे मागत असेल तर नाही म्हणता येतं, देत असेल तर कसं म्हणायचं? जळबाने तर तिच्या हातातली पिशवी हळूच सोडवून घेऊन काचेवर उपडी केली. पन्नास-पन्नासच्या, शंभराच्या, वळकट्या झालेल्या नोटा. रत्नपालने आपल्या दहा कोऱ्या पाचशेच्या त्यांच्यावर ठेवल्या आणि मोहनसिंगने दोन्ही मिळून एकत्र रबर लावलं.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. "बिल माझ्या नावानं करा, काही बिघडलं तर मी गावातच हाय." बराबर होतं. "सिम नवं नका काढू, माझ्या नावावर एक जास्तीचं घेऊन ठेवलंय, शेवटचा आकडा तेवढा वेगळा, बाकी माझाच नंबर." मोहनसिंगला ते फारच आवडलं. "आणि ह्याला बोट लावायची सोय हाय. एक बोट माझं घेऊ, एक तुझं." पैसे काचेवर पडले आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं, हे ऐश्वर्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याने आपलं बोट आधी लावलं, चारपाच वेळा, फोनने ओळखेपर्यंत. मग तिचा हात धरून तिचं लावलं.

निळा फोन मोहनसिंगने परत खोक्यात घातला तेव्हा तिला रडू आलं. तिने ते गिळलं. साखरपुड्याच्या खरेदीत रडणाऱ्या पोरीला लोक काय समजणार? माहेर सुटणार म्हणून रडते, हेच.

परतीच्या बसमध्ये जळबाने तिला खिडकीची जागा दिली. "लाखात एक हाय," तो म्हणाला. "दवाखाना सोडून पळत आला."

"बाबा, तुमी त्याला काहून सांगितलं?"

"त्यांचा खर्च वाचावा म्हणून. दुसरं काय?" तो खरंच चकित झाला होता. "तुला न्हाई आवडला व्हय? ह्याच्यात तर म्हणे फाइव्ह-जी हाय."

बस हिंगोलीबाहेर पडली आणि तिच्या मांडीवर फोन वाजला. पहिलाच फोन.

"उचल, उचल," जळबा म्हणाला. "वाट पाहून राहिला असंल."

तिने उचलला. रत्नपालचा आवाज मऊच होता. बस भेटली का, जागा भेटली का, शेजारी कोण बसलंय.

"बाबा हायत."

"दे बरं त्यांच्याजवळ."

जळबाने फोन दोन्ही हातांनी कानाला लावला. "हां पाव्हणं, मीच हाय! व्हय... व्हय, माझ्याच शेजारी." तो हसला. मग ऐकत राहिला. "न्हाई, मागं बाया हायत. पुढं एक म्हातारं हाय... न्हाई, दुसरं कोणी न्हाई." हसू कमी कमी होत गेलं. "व्हय, मीच हाय म्हणलं न. आवाज ओळखू येईना का तुमाला?"

फोन परत देताना त्याने पोरीकडं पाहिलं नाही. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस, कुठली भिंत कलती आहे ते त्याला लांबून कळायचं. आपल्या घरात मात्र दुसऱ्यांदा चुकलं, हे आता त्याला कळत होतं आणि ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"बाबा, रविवारी..." ऐश्वर्या एवढंच म्हणाली.

"दीडशे लोकांना सांगून झालंय, बाई," जळबा खालच्या आवाजात म्हणाला. "मंडपवाला उद्या येऊन राहिला. आता काय सांगू मी? फोन केला म्हणून मोडलं म्हणू? कोण ऐकंल?"

ते खरं होतं. चांगल्या मुलाने चांगला फोन दिला आणि काळजीने चौकशी केली, ही तक्रार घेऊन कुणाच्या दारात जाणार? तिला वडलांचा राग आला आणि लगेच त्यांची कीवही आली. दोन्हींचा उपयोग नव्हता.

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी जळबा 'उचल' म्हणाला नाही. दोघं तो वाजताना बघत राहिले, वाजून वाजून तो थांबला. मिनिटभरात परत सुरू झाला. पुढच्या सीटवरचं म्हातारं वळून म्हणालं, "आवो, उचला की, तकलीफ होऊन राहिली."

जळबाने फोन तिच्या मांडीवरून घेतला आणि काचेवर बोट ओढलं. तो व्हिडिओ कॉल होता हे त्याला रत्नपालचा चेहरा समोर आला तेव्हाच कळलं.

"मामा? ऐश्वर्या कुठं हाय? उचलत काहून न्हाई?"

जळबा उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. मालकाच्या विटांची मोजणी असो की सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब, त्याचा शब्द चालायचा. तो आधी खाकरला.

"झोपली हाय पोरगी. दगदग झाली न तिला."

"झोपली?" पलीकडून हसू आलं. "दाखवा की मग."

काय करावं ते न सुचून जळबाने फोन सावकाश तिच्याकडं वळवायला सुरुवात केली. बाप खोटा पडू नये म्हणून ऐश्वर्याने डोकं खिडकीला टेकलं आणि डोळे मिटून घेतले. बस खड्ड्यात आदळत होती, काच कपाळाला लागत होती. पलीकडून तो फोन ठेवीना, आणि तिला डोळे उघडता येईनात.