मोतीबाईच्या पिना

कमलेशच्या पायावरची चादर सरकली आणि मोतीबाई पुढे वाकली. पोटरीच्या जागी काळा स्पंज कोंबलेला, त्यावर घट्ट चिकटवलेलं प्लास्टिक, आणि त्यातून निघालेल्या नळीवाटे तांबूस पाणी यंत्राच्या बाटलीत उतरत होतं. हा आपल्या लेकराचा पाय आहे, हे तिला पटेचना.

सोनिवलीला नव्या इमारतीच्या कामावर डंपर मागे येताना त्याच्या पायावरून गेला होता. अंबरनाथ पश्चिमेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "यंत्र आतली घाण ओढून घेतंय. परवा उघडू. मांस जिवंत असलं तर पाय राहील, नाहीतर गुडघ्याखाली कापावा लागेल."

मोतीबाईनं सगळं ऐकून घेतलं. पण ते प्लास्टिक काही केल्या तिच्या गळी उतरेना. जखम धुवायची, हळद भरायची आणि उघडी ठेवायची, एवढं तिला कळत होतं. वारा लागल्याशिवाय जखम सुकते कुठं? आणि इथं एवढ्या शिकलेल्या माणसांनी पोराचा पाय पिशवीत कोंडून ठेवलेला!

तिच्या बांगड्यांत कायम सेफ्टी पिना लटकलेल्या असत. काटा काढा, नाडी ओवा, पदर सावरा, पिनेवाचून बाईचं पान हलत नसे. दुपारी नर्स अस्मिता जेवायला गेली, कमलेशचा डोळा लागलासा वाटला, तशी मोतीबाईनं एक पीन काढली आणि प्लास्टिकला टोचे मारले.

फुस्स झालं आणि यंत्र कोकलायलाच लागलं.

अस्मिता उष्ट्या हातानं धावत आली. मागोमाग डॉक्टर. भोकं बघून त्यांचा पारा चढला. "आत हवा शिरतेय! कमलेश, नखं लावलीस?"

कमलेशनं एकदा आईकडे पाहिलं. "हो. खाज येत होती."

मोतीबाईच्या ध्यानात आलं. म्हणजे पोरगा जागा होता!

"पाय घालवायचाय का तुला? आता लगेच उघडून बघावं लागेल," डॉक्टर कडाडले.

"मीनी टोचला!" ती किंचाळलीच. "त्याला नका बोलू, डाक्टर. वारा लागावा म्हनून मीनी टोचला."

डॉक्टरांनी तिला बाहेर जायला सांगितलं, पण ती कॉटची दांडी सोडेना. अस्मिता हात धुऊन आली. प्लास्टिक सुटलं, स्पंज निघाला. आत सगळं लालभडक. मोतीबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"मेली गो मी! काय करून ठेवला मीनी!"

"अहो मावशी, लाल म्हणजे जिवंत. काळं असतं तर रडायचं होतं." डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला होता. "पाय राहतोय."

मोतीबाई कॉटच्या कडेला बसली. कमलेश डोळे पुसत होता, तेही तिला धड दिसेना. अस्मिता नवं प्लास्टिक चिकटवून मोकळी झाली, तेव्हा कुठे ती उठली. तिनं बांगड्यांतल्या सगळ्या पिना काढल्या आणि अस्मिताच्या हातावर ठेवल्या.

"तुझ्यापाशी ठेव, बाय. माझ्या हातांचा भरवसा नाय."