आत्याची पट्टी आणि माझी शेवटची ओळ

मित्रांनो, मला पाहून तुम्ही फसाल. पत्त्यांच्या जोडाएवढा माझा आकार, अंगावर ना झाकण ना रंग, सगळी हाडे उघडी. पण मी पुरता संगणक आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. आमच्या जातीत आठ वर्षे झाली की पिकले पान समजतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका हिरव्या पाटीवर यंत्राने माझे भाग एकेक टिपून बसवले. तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला वीज जोडली, माझा लाल दिवा लागला, ती 'चालतो' म्हणाली आणि मला डब्यात घातले. शाबासकी म्हणाल तर एवढीच.

मला विकत घेतले खारूने. ती पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करते. खारू हे तिच्या आत्याने ठेवलेले टोपणनाव. लहानपणी ती खारीसारखी खाऊ, पेन्सिली, किल्ल्या कुठे कुठे लपवून ठेवायची आणि जागा साफ विसरून जायची, म्हणून खारू.

त्या काळी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ती अळिंबी पिकवत असे. दर दहा मिनिटांनी खोलीतली ओल आणि ऊब मोजायची, कमी झाली की पाण्याचा फवारा सुरू करायचा, हे माझे काम. मला पडदा नव्हता आणि हवाही नव्हता. मात्र एकदा घोळ झाला. आम्हा संगणकांचे प्रोग्राम पॅकेज नावाच्या गाठोड्यांत येतात, आणि एका गाठोड्याचे दुसऱ्यावाचून चालत नाही. त्यातल्या एका पॅकेजची नवी आवृत्ती आली, ती माझ्यात बसली, आणि माझा मोजमापाचा प्रोग्राम गप्प झाला. फवारा सुटला नाही. एक अख्खी खेप सुकून गेली.

खारूने डोक्याला हात लावला. मग जुनी आवृत्ती परत बसवली आणि मला हुकूम दिला, की हे पॅकेज रोखून ठेव, कोणीही मागितले तरी बदलायचे नाही. मी ते लिहून ठेवले.

पुढे अळिंबीचे काम बंद पडले आणि मी खणात गेलो. तिथे एक बोथट कात्री, संपलेले सेल आणि एकटा हातमोजा होता. दोन वर्षे कोणी माझी वास्तपुस्त केली नाही. वाईट वाटले, ते कशाला लपवू? तो हुकूम खारूच्या डोक्यातून गेला. माझ्या डोक्यातून कसा जाणार?

या दोन वर्षांत आत्याचा आवाज गेला. आत्या छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रिते तपासत असे. प्रत्येक ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची, अशी तिची रीत. घशाचे मोठे ऑपरेशन झाले, जीव वाचला, बोलणे मात्र कायमचे थांबले. आता ती पाटीवर लिहून बोलते. लोक अर्धे वाचतात आणि 'हो हो, कळलं' म्हणून मान हलवतात. आत्या उरलेले वाक्य पुसून टाकते.

तिची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहते. खारू तिला मोठी आत्या म्हणते. मोठ्या आत्याला दिसत नाही. दोघी बहिणी रोज पाच वाजता फोनवर बोलत. आता एकीला बोलता येईना आणि दुसरीला वाचता येईना. आत्या फोनवर नखाने टकटक करी, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एका संध्याकाळी मोठी आत्या म्हणाली, "मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं. उद्या एकदा करते फोन, मग राहू दे."

दोघींना पुन्हा बोलता यावे म्हणून खारू पंधरा दिवसांपासून माझ्याशी झटत होती. तिने मला खणातून काढले, मऊ ब्रशने धूळ झटकली, पडदा, कळफलक आणि स्पीकर जोडला आणि टाइप केलेले मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम माझ्यात बसवला. पण माझा काळा पडदा, बारीक अक्षरे, प्रत्येक वाक्याआधी द्यावी लागणारी आज्ञा. एक चिन्ह चुकले की मी मुका. आत्याला हवा होता साधा डेस्कटॉप, म्हणजे मोठ्या अक्षरांची एक खिडकी आणि 'बोल' म्हणायला एक बटण.

त्या शेवटच्या फोनच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, खारूने मला डेस्कटॉप बसवायला सांगितले. मी नकार दिला आणि नकाराचे कारण नीट नऊ ओळींत लिहिले. खारूने पहिली ओळ वाचली, "झालं, अडलं याचं घोडं," म्हणाली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. मी तेच पुन्हा लिहिले. असे पाच वेळा झाले. मित्रांनो, मी चिडत नाही, पण मला चिडता आले असते तर तेव्हा चिडलो असतो.

मग तिने इंटरनेटवर कोणाचा तरी सल्ला वाचला आणि माझी पॅकेजे जिथून येतात त्या नेहमीच्या भांडाराशेजारी पॅकेजांचे दुसरे, अधिक नवे भांडार जोडले. आता एक भांडार मला एक सांगे, दुसरे दुसरेच. शेवटी मी विचारले, "डेस्कटॉपसाठी पुढील बेचाळीस पॅकेजेस काढून टाकावी लागतील. काढू का?" आणि खाली सगळी यादी दिली.

"काढ बाबा, काय काढायचं ते काढ," खारू म्हणाली. साडेतीन वाजले होते. तिचे बोट 'हो'च्या कळीवर गेले.

त्या बोटावर लाकडी पट्टी येऊन पडली.

आत्या मागे येऊन उभी होती. तिला संगणकातले ओ की ठो कळत नाही. तिने खुर्ची ओढली, पट्टी माझ्या पडद्यावर टेकवली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"आत्या, अगं वेळ नाहीये, पाचला फोन येईल," खारू म्हणाली. आत्याने डावा हात वर करून तिला थांबवले. एकतिसाव्या नावावर पट्टी थांबली आणि आत्याने त्यावर बोट ठेवले.

खारूचा चेहरा उतरला. ते नाव बोलण्याच्या प्रोग्रामचे होते, पंधरा दिवस आत्याने पडद्यावर रोज पाहिलेले. "पंधरा दिवसांचं काम पाण्यात गेलं असतं," ती हळूच म्हणाली आणि तिने 'नाही' दाबले. मग आत्याच्या खुणेवरून तिने माझा पहिला नकार वर सरकवून आणला. आत्याची पट्टी एकेक ओळ उतरत नवव्या ओळीवर आली. तिथे मी पाचही वेळा लिहिले होते, की यातले एक पॅकेज रोखून ठेवलेले आहे.

आत्याने पाटीवर लिहिले, "कोणी रोखलं?"

खारू म्हणाली, "मीच. त्या अळिंबीच्या वेळी."

आत्याने तिच्या टोपणनावाची दोन अक्षरे मोठी करून लिहिली आणि पाटी तिच्यासमोर धरली. दोघी हसल्या. आत्याच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे मात्र हलत होते.

पुढचे काम सरळ होते. दुसरे भांडार काढले, हुकूम मागे घेतला, आणि मी एकेक पॅकेज उतरवून घेऊ लागलो. तापलो, धापा टाकल्या, पण थांबलो नाही. पाचला दहा कमी असताना पडद्यावर मोठ्या अक्षरांची खिडकी उघडली.

फोन वाजला. खारूने तो माझ्या स्पीकरजवळ धरला. आत्याने टाइप केले आणि मी बोललो, "ताई, मी बोलते आहे."

"कोण? काय आवाज झालाय गं तुझा!" मोठ्या आत्याला एकदम भरून आले, आणि तिने जी बोलायला सुरुवात केली, ती काही थांबेना. आत्या एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. अखेर मी म्हणालो, "ताई, माझं अजून संपलेलं नाही."

मग मोठी आत्या म्हणाली, "बोल. मी थांबते."

त्याला आता सात महिने झाले. मी फोनशेजारच्या फळीवर राहतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून झटकलीत तर बरेच, पण माझे मागणे वेगळे आहे. कोणी सावकाश सांगत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याचे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बहुतेकदा अडचण तिथेच लिहिलेली असते.

बरे, आता पुरे. पाच वाजून गेले आहेत, आत्या टाइप करते आहे, आणि पलीकडे मोठी आत्या थांबली आहे.