चार तासांची उकळी

मी हंडा बोलतोय. पातेलं नव्हे, दीडशे लिटरचा, हातानं ठोकून घडवलेला तांब्याचा हंडा. नॉर्वेत वॉसच्या वरच्या अंगाला मोन्सचं शेत आहे. तिथल्या बीअरघरात माझी चूल आहे. वय सव्वाशेच्या पुढे, पण पोटाला एक चीर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बर्गनच्या एका तांबटानं मला घडवलं आणि मोन्सच्या पणजोबांनी होडीतून, मग बर्फातल्या घसरगाडीवरून घरी आणलं. मधली वर्षं वाईट गेली. दुकानात बाटलीतली बीअर मिळायला लागली आणि मला गोठ्यात पालथा घातला. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालायच्या. तांब्याच्या जातीला याहून मोठा अपमान नाही. शेवटी तरुण मोन्सनं मला बाहेर ओढलं, आंबट ताकानं आणि राखेनं घासलं, मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, "वाईट नाही."

आमच्या खोऱ्यात याहून वरची स्तुती नाही. नवी नवरी असो, दृष्ट लागावी असं पीक असो, सगळं 'वाईट नाही'. कुणी तोंडावर 'चांगलं' म्हणालाच तर ऐकणारा दचकतो, याला झालंय तरी काय!

माझं काम थोडक्यात सांगतो. मोड आणून वाळवलेलं जव जुनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्यांच्या गरम पाण्यात भिजवतात. त्याचा गोड रस माझ्या पोटात ओततात आणि खाली बर्चची लाकडं पेटवतात. आधी रस चढतो, फेस काठापर्यंत येतो. मग तो फाटतो, दूध फाटावं तसा. पण दूध फाटलं की नासतं, हा फाटला की निवळतो. गाठी वेगळ्या, रस वेगळा. त्यानंतर खरी उकळी, चार तासांची. पिवळा रस आटत आटत तांबडा होतो. तो तांबूसपणा माझा, असं मी मानतो. कुणी हसलं तरी मानतो.

थांबायचं कधी, ते घड्याळ सांगत नाही. मोन्सची जुनिपरची एक काठी आहे. ती माझ्या तळाला टेकवायची. रस काठीवरच्या खाचेपर्यंत आटला की चूल विझवायची, त्याआधी नाही.

गेल्या मार्चमध्ये मोन्स अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी दिवस सांगितले, आठवडे नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाची बीअर करतात आणि सगळं खोरं ती प्यायला येतं. मोन्सनं लेकीला, गुनवोरला, हाक मारली.

"माझ्या नावाची बीअर आत्ता कर."

"बाबा, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरीच कसलं? सगळे ढोसणार आणि मी तेवढा कोरडा पडून राहणार? मला चाखू दे. आणि हंड्यातच कर."

'हंड्यातच' म्हणाला, कारण धाकटा लेक स्टाइनार बर्गनहून आपलं विजेवरचं स्टीलचं भांडं घेऊन आला होता. चकचकीत, घंटी वाजवणारं. एका तासात काम तमाम.

गुनवोरनं रस कधी एकटीनं उकळला नव्हता. बापामागे लाकडं सारायची, फेस काढायची, एवढंच. त्या सकाळी चूल पेटवण्याआधी तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. बापानं आयुष्यभर राखलेलं नाव आज तिच्या हातात होतं, आणि चाखायला बाप उरेल की नाही याची खात्री नव्हती.

मोन्सची खिडकी आणि माझं दार समोरासमोर. थंडी असूनही त्यानं खिडकी उघडी ठेवायला लावली होती.

"चढलं का?" आतून आवाज आला.

"चढतंय, बाबा!"

थोड्या वेळानं, "फाटलं का?"

"फाटलं! आता निवळलंय!"

तास झाला तसा स्टाइनार आत आला. "ताई, बास झालं आता. बीअर होईलच याची. बाबांना दम लागलाय. तू चार तास उकळत बसशील आणि तिकडे..."

कोणता निर्णय बरोबर होता, मी सांगू शकत नाही. हंड्याला तेवढं कळत नाही. गुनवोरनं काठी माझ्या तळाला टेकवली. खाच अजून वीतभर खाली होती.

"खाचेपर्यंत," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याकडे मागितलंय ते हे. अर्धंकच्चं नाही."

स्टाइनारला बसवेना. ती रस गाळण्यासाठी जुनिपरच्या फांद्या आणायला बाहेर गेली आणि यानं लवकर आटावं म्हणून सुकी लाकडं ठासून भरली, वर बीअरला कडवटपणा देणारी हॉप्सची सगळी फुलं एकदम टाकली. फुलं पडली की उकळता रस उसळतो. शहरातल्या भांड्यात मूठभर टाकायची सवय, इथे पोतडीभर! मी काठापर्यंत फुगलो, मग काठाबाहेर. रस निखाऱ्यांवर सांडला, धुराचा लोट उठला. सव्वाशे वर्षांत मी इतका लाजलो नव्हतो.

गुनवोर धावत आली. दारातला बर्फ कवळाभर उचलून माझ्यात टाकला, फावड्यानं अर्धी लाकडं बाहेर ओढली. फेस बसला.

"अरे गाढवा, जाळ घालायला ही काय होळी आहे?"

खिडकीतून खोकला आला आणि खोकल्यामागून हसू. "उतू घालवलं ना? मी पण पहिल्यांदा घालवलं होतं! बर्फ टाकलास का?"

"टाकला, बाबा!"

"मग अर्धा तास जास्त."

स्टाइनारनं मान खाली घातली. त्यानंतर तोच हळूहळू एकेक लाकूड सारत बसला. मीही माझ्याकडून कसर ठेवली नाही. तळापासून काठापर्यंत सारखा तापत राहिलो, कुठे करपू दिलं नाही. दुपार कलायला लागली तशी खिडकीतली हाक बारीक होत गेली, पण थांबली नाही. "किती उरलं?" चार बोटं. "आता किती?" दोन बोटं.

रस खाचेला आला. गुनवोरनं लाकडी वाटी बुडवली आणि अंगण ओलांडून पळाली. आत काय झालं ते मी फक्त ऐकलं. फुंकर मारल्याचा आवाज. एक घोट. मग मोन्स म्हणाला,

"चांगलं झालंय."

"ताई," स्टाइनार घाबरून म्हणाला, "डॉक्टरांना बोलवू का?"

गुनवोर रडत होती. तिला कळलं होतं. राहणारा माणूस आमच्याकडे तसं बोलत नाही.

निवलेल्या रसात तिनं घरचं विरजण, म्हणजे यीस्ट, घातलं. ते अजून फसफसत होतं तेव्हा, तिसऱ्या दिवशी, मोन्स गेला. पुढच्या आठवड्यात सगळं खोरं आलं. लाकडी वाडगा हातोहात फिरला, पुन्हा भरला, पुन्हा फिरला. जो तो मिशा पुसून गुनवोरकडे बघायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." संध्याकाळपर्यंत पिंपात थेंब राहिला नाही. माझी छाती अशी फुगली होती की खाली जाळही नव्हता तरी उतू जाईन असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुनवोर एकटीच मला घासायला आली. स्टीलचं भांडं कोपऱ्यात बसलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आंबट ताक, राख, कोपरापर्यंत हात. घासून झाल्यावर बापासारखीच मागे सरली आणि बघत राहिली. 'चांगला होतास हो' असं काही म्हणू नकोस बाई, मी मनात म्हणालो. तो शब्द जाणारे बोलतात, नाहीतर जाणाऱ्यांना ऐकवतात.

तिनं बापाची काठी माझ्या शेजारी खुंटीला लावली आणि माझ्या पोटावर थाप मारली.

"वाईट नाहीस."

म्हणजे नाताळच्या बीअरला मी आहे.