मिस यूला घरी गेली

कुंडीखाली कागद होता. चारपदरी घडी घातलेला, कडेनं मातकट पाणी प्यायलेला, तरी रंग अजून शाबूत, नारिंगी... वर्निस टॉलिव्हर पायरीवर एक पाय ठेवून तशीच थांबली, गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटून गप्प झाला, आणि मनात पहिलं आलं ते एवढंच की हा रंग आपण निवडलेला. शहराच्या कचेरीत लांबलचक टेबलावर तीन रंगांचे तुकडे मांडून बसले होते सगळे, आणि ती म्हणाली होती, लाल नको, लाल बघितला की लोक घाबरतात, नारिंगी बरा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. घर रिकामं ठरवल्याची नोटीस, पाडायला घेतल्याची नोटीस, हरकत असल्यास साठ दिवसांत कळवा. ती आता कुंडीखाली डाग पडू नये म्हणून घातलेली, आणि कुंडीत जिरेनियम, लाल, नुकतं पाणी घातलेलं. पाणी कोणी घातलं?

ती फक्त फोटो काढायला आली होती. हॉलब्रुक स्ट्रीटवरची ओळीनं सात घरं, प्रत्येकाचे दोन फोटो, एक पुढून एक बाजूनं, की झालं. तीन घरं झालीही होती. त्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पन्हाळीत झाडं उगवलेली, एकाच्या दारात कोणीतरी सोडून दिलेला सोफा. हे चौथं, मधलं. याच्या खिडकीला फळ्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वीही नव्हत्या, पण तेव्हा...

पडदा हलला. मग दार उघडलं, आतली साखळी ताणेल तेवढंच.

"बायबल विकायला आली असशील तर माझ्याकडे चार आहेत."

"मिस यूला?"

"मग काय भूत?"

वर्निसनं पायरीवरचा पाय मागं घेतला. कारण हो, गेली दोन वर्षं ती या बाईला मेलेली समजत होती. तिच्यासाठी रडलीही होती थोडी, गाडीत, सिग्नलला.

साखळी निघाली. दारात काठी आली, मग काठीच्या मागून मिस यूला बॉयकिन, होती त्याच्या निम्मी झालेली, पण डोळे तेच. तिनं वर्निसला पायापासून वर न्याहाळलं. "थांब, थांब. टॉलिव्हरची धाकटी! कपाळ बापाचं, आणि ते दारात उभं राहून पळायला बघणं आईचं. ये आत. चहा नाही मिळायचा, नळाला पाणी नाहीये. भाचा कॅन ठेवून गेलाय, ते जपून वापरते."

"कधी आलात?"

"गुरुवारी. भाच्यानं दारात उतरवलं नि पळाला, त्याला ड्यूटी होती. अगं, घरी गेले होते ना मी. बहिणीचं करायला म्हणून अलाबामाला गेले, तर ती झाली ठणठणीत आणि मीच पडले. खुब्याचं हाड. दोन वर्षं तिच्या हातचं अळणी खातेय."

घरी गेले होते. किती सहज म्हणाली ती. आणि वर्निसला चर्चच्या पायऱ्या दिसल्या, फेब्रुवारीतला तो रविवार, सिस्टर डेझी हातमोजे चढवता चढवता म्हणतेय, मिस यूला घरी गेली, कळलं ना तुला? आणि आपण म्हटलं, अरेरे, आणि डेझी म्हणाली, हो ना, पण वय झालं होतंच. या वस्तीत घरी जायला दोन वाटा आहेत. आजे-पणजे दक्षिणेतल्या, अलाबामाकडच्या ज्या गावातून कारखान्यांच्या मागं इथं सरोवराकाठी आले ते गाव म्हणजे घर, इथं तीन पिढ्या गेल्या तरी घर तिकडंच. आणि माणूस मेलं की तेही घरीच जातं, प्रभूच्या. बाहेरचा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, घरी म्हणजे कुठं? वर्निस इथलीच. तिला विचारायची गरज वाटली नाही.

आत स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं, फक्त लहान झालेलं. शेगडीच्या वर खिळ्याला ती पितळी फणी अजून टांगलेली, लाकडी मुठीची, दात काळे पडलेले. ईस्टरच्या आदल्या शनिवारी अख्ख्या गल्लीतल्या मुली इथं रांगेनं बसायच्या, आणि मिस यूला ती फणी शेगडीवर तापवून एकेकीचे कुरळे केस सरळ करायची. तेलाचा, जळक्या केसांचा वास, मानेवर टॉवेल, आणि कानाशी ती धग आली की वरून हुकूम, "कान धर."

"अजून आहे बघ," मिस यूला तिची नजर हेरून म्हणाली. "ये एखाद्या शनिवारी, करून देते. कान धरायला शिकलीस का आता तरी?"

वर्निस हसली. हसू कसंनुसं झालं असणार.

"तू त्या वस्तीच्या संस्थेत असतेस म्हणे. भाचा सांगत होता, इथं नवी घरं होणार, गरिबाला परवडणारी. शहर नि तुम्ही मिळून."

"हो. बेचाळीस."

"बेचाळीस!" म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे या रस्त्यावर पुन्हा दिवे लागतील. बरं झालं बाई. पाच रात्री मी एकटीच आहे, समोर अंधार, बाजूला अंधार. एवढं कर, तुमच्या साहेबाला सांग, बांधा म्हणावं किती उंच ते, पण माझ्या मागच्या बाजूला सावली पडू देऊ नका. टोमॅटो लावायचेत मला."

इथं सांगायचं होतं. जागा ती होती, वेळ ती होती, आणि वर्निस म्हणाली, "सांगते." म्हणाली, "निघते मी, उशीर होतोय." उरलेल्या तीन घरांचे फोटो तिनं काढले, प्रत्येकाचे दोन. मधल्याचा काढला नाही. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की घाईत काढलेले ते फोटोही धड आले नसणार.

दोन वर्षांपूर्वी याच गाडीतून केली होती वस्तीतल्या घरांची पाहणी. दोनशे चौदा घरं, दोन दिवस, बाहेर बर्फमिश्रित पाऊस, आत हीटर, मांडीवर कागद. प्रत्येक घरापुढे गाडी हळू करायची, बघायचं, अक्षर टाकायचं. ए म्हणजे उत्तम, बी बरं, सी डागडुजीचं, डी वाईट... आणि एफ म्हणजे माणूस नाही, पाडण्याजोगं. शंका असली तर खाली उतरून दार वाजवायचं, तसा रकानाच होता कागदावर, "दार वाजवलं: होय / नाही". हे घर आलं तेव्हा पडदे ओढलेले, पायरी तुटलेली, दाराशी पत्रांचा ढीग भिजून लगदा झालेला. तिनं गाडी थांबवली होती खरी. वायपर तीनदा गेला नि आला. आणि मग तिनं एफ लिहिलं, आणि "होय" वर खूण केली. शेवटी दार वाजवून करायचं काय, मेलेली बाई थोडीच उघडणार आहे?

पण तेवढंच होतं का? रस्त्याच्या कोपऱ्यावर सिग्नल लागला होता आणि ती स्वतःला विचारत होती, खरं सांग, वर्निस, तेवढंच होतं का? कारण ओळीत सहा घरं रिकामी होती आणि मधलं एक अडकलेलं होतं, मधली जागा मिळाल्याशिवाय बेचाळीस घरांची इमारत बसत नव्हती, आणि पाहणीच्या आदल्या वर्षी याच कारणानं शहरानं प्रस्ताव परत पाठवला होता. चर्चच्या पायरीवर डेझीनं सांगितलं तेव्हा वाईट वाटलं, हे खरं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली, अगदी लगेच खाली, हायसं वाटलं होतं. तेही खरं. मयत तिकडेच झाली असेल असं ती धरून चालली, सांत्वनाचं कार्ड कुणाच्या नावे पाठवायचं हेही कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून तर नाही ना विचारलं...

मागून हॉर्न वाजला. हिरवा कधीचा पडला होता.

ड्वेन पेटिफर्ड, संस्थेचा संचालक, आज टाय लावून आला होता, म्हणजे शहराची माणसं येणार होती. "आली बाबा एकदाची! फोटो? बरं, ते होईल. चारला कागद उचलायला येतायत. देणगीदार, शहर, आपण, तिघांच्या सह्या पूर्ण, राहिलीय फक्त तुझी. पाहणी तुझी ना. आणि तोंड का असं? लग्नाला आलीयस की मयताला?"

"ड्वेन, सहीशिवाय..."

"सहीशिवाय पुढचं वर्ष. आणि पुढच्या वर्षी हे पैसे दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीला. तीन वर्षं आपण जोडे झिजवलेत, वर्निस. आज नाट लावू नकोस, पाया पडतो."

त्यानं कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि दार ओढून गेला. एकच परिच्छेद. "वरील सातही घरांत कोणीही राहत नसल्याचे मी जातीने पाहिले आहे." खाली रेघ, रेघेखाली तिचं नाव छापलेलं.

फोन वाजला. कियांड्रा. दर मंगळवारी वाजतो. तीन मुलं घेऊन आईच्या बाहेरच्या खोलीत झोपते, रुग्णालयात चादरी बदलते, आणि नव्या घरांच्या यादीत सतरावी आहे.

"मिस वर्निस, मीच. माझं नाव सरकलं का वर?"

"नाव तिथंच आहे, कियांड्रा. पण बेचाळीस घरं आहेत, तू सतरावी."

"म्हणजे होणार. खरं सांगा हं, मला गोड बोलून लटकवू नका. धाकटा विचारतो, आपल्या घराला दार असेल का? म्हटलं असेल की, घराला दार नसतं होय? तर म्हणतो, आपल्या खोलीला कुठंय."

"होईल," वर्निस म्हणाली. आज दुसऱ्यांदा शब्द दिला होता, आणि दोन्ही शब्द एकाच जमिनीवर उभे होते.

सव्वातीन. तिनं कोरा कागद ओढला आणि ड्वेनला काय सांगायचं ते लिहायला घेतलं, कारण तोंडानं जमणार नव्हतं. "पाहणीत त्रुटी आढळून आली आहे." खोडलं. "चुकीच्या माहितीमुळे गैरसमज झाला." खोडलं. "सदर घराबाबत फेरविचार व्हावा असे वाटते." कोणाला वाटतं? या कचेरीच्या भाषेत सगळं आपोआप होतं, त्रुटी आढळते, गैरसमज होतो, घरं रिकामी ठरतात, कोणी काही करतच नाही. मग दुसरा विचार आला, शहाण्यासारखा, ड्वेनच्या आवाजात: म्हातारीला तळमजल्यावरची खोली देऊ की, नवी कोरी, नळाला पाणी, दिवे, तिलाच दिवे हवेत ना, बाल्कनीत दोन कुंड्या टोमॅटोच्या... आणि वर्निसच्या लक्षात आलं की आपण पुन्हा गाडीतूनच बघतोय. काच वर, हीटर चालू.

साडेतीन. तिनं पेन उचललं. रेघेवर टेकवलं. आणि डावा हात आपोआप कानाकडे गेला.

कानाच्या वरच्या कडेला बोटाखाली तो बारीक कडक डाग लागला. सात वर्षांची होती. मिस यूलानं सांगितलं होतं, कान धर, हलू नकोस, आणि खिडकीबाहेर कोणीतरी हाक मारली म्हणून ती हलली, चांगली मान फिरवून हलली, चूक सगळी तिची. चर्र झालं. ती किंचाळली. मिस यूलानं थंड पाणी लावलं, मलम लावलं, आणि "हललीस ना?" एवढंच पुटपुटली. मग आई आली न्यायला. आईचा राग अख्ख्या गल्लीला माहीत होता, रांगेतल्या मुलीसुद्धा श्वास रोखून बसल्या, आणि आई म्हणाली, हे काय झालं? आणि मिस यूला, फणी हातात, तिच्या डोक्यावरून आईकडे बघत म्हणाली...

काय म्हणाली ते वर्निसला चाळीस वर्षं आठवलं नव्हतं. किंवा आठवलं असेल, लागलं नव्हतं.

"माझा हात घसरला, मिसेस टॉलिव्हर."

आईनं तिला पुन्हा कधी तिथं पाठवलं नाही. गल्लीतल्या आणखी दोघींनी पाठवणं बंद केलं. माझ्यामुळं. आणि मी गप्प बसले होते, मानेवर टॉवेल, कान हातात धरून. सात वर्षांची होते, असं म्हणता येईल. आज किती वर्षांची आहे मी?

बाहेर ड्वेन कोणाला तरी खुर्ची देत होता, कॉफी विचारत होता. म्हणजे ते आले, लवकर आले. वर्निसनं पेन रेघेवरून उचललं, पण खाली ठेवलं नाही. खोडलेल्या ओळींच्या खाली जागा होती अजून. कियांड्राच्या धाकट्याचं दार आठवलं आणि डोळे भरून आले, त्याचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं, काहीच ठाऊक नव्हतं, फक्त आता ते वाक्य मनात आपोआप होत नव्हतं. त्याला करणारा माणूस लागला होता. मी दार वाजवलं नाही. मी... माझा हात...

दरवाजाची मूठ फिरली. सहीची रेघ अजून कोरीच होती. कानाशी धग आली तशी ती ताठ झाली, कान घट्ट धरला, आणि हलली नाही.