सुनेच्या नावाचा होकार

त्या बेकरीत एक नियम होता. पिठात हात असलेल्यानं फोनला शिवायचं नाही. सून पहाटेपासून कोपरापर्यंत पिठात असायची, मुलगा गाडी घेऊन पाव पोचवत हिंडायचा, तेव्हा फोन यायचा सासूच्या वाट्याला. गुडघे गेल्यापासून भट्टीपुढं उभं राहणं तिला जमत नव्हतं. हात थरथरत असल्यानं वजनकाटाही सुटला होता. उरला होता तो फोन आणि खिडकीजवळची खुर्ची, कारण रेंज यायची ती फक्त तिथंच.

"मालकीणबाई आहेत का?" असं कोणी विचारलं आणि आपण "ती कामात आहे, नंतर करा" म्हटलं की गिऱ्हाईक हातचं जातं, हे सासूच्या चटकन लक्षात आलं होतं. म्हणून ती सरळ सांगायची, "हो, मीच बोलते." फोनवर दोघींचे आवाज ओळखू यायचे नाहीत. मागं पीठ मळायचं यंत्र घरघरत असायचं, त्यामुळं सुनेच्या कानावर यातलं काही जात नव्हतं. ऑर्डरी बरोबर लिहून मिळत होत्या, तेवढं तिला पुरे होतं.

आणि मग सुनेनं फोनची कंपनी बदलायचं ठरवलं. बोलता बोलता फोन तुटायचा, गिऱ्हाइकं वैतागायची. करार संपला तसा तिनं नंबर दुसऱ्या कंपनीकडं न्यायचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. करार म्हणे दोन वर्षांनी वाढवला होता, आणि खुद्द तिनंच फोनवरून होकार दिला होता.

"मी?" सून पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून उभी राहिली. "मी फोनला हात तरी लावते का हो, आई? खोटारडे मेले! त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे म्हणतात. ऐकवा म्हणावं. ऐकायचा हक्क आहे माझा, त्यांच्याच अटींमध्ये लिहिलंय तसं."

सासूला तो फोन लख्ख आठवला. गोड आवाजाची एक मुलगी होती. भराभर काय काय बोलली आणि शेवटी विचारलं, "म्हणजे सगळं आहे तसंच चालू ठेवायचं ना, मॅडम?" या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? "हो बाई, आहे तसंच राहू दे," असं ती म्हणाली होती. फोन ठेवताना तर तिला वाटलं होतं की आपण एक नसती कटकट परस्पर मिटवली.

"जाऊ दे ना गं," ती म्हणाली. "मोठ्या लोकांच्या कुठं नादी लागतेस? रेंजचं काय, खिडकीत येते की."

"मुळीच नाही. आणि उद्या तुम्ही पण चला. माझ्या साक्षीदार तुम्ही. मी फोन घेतच नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

साक्षीदार! चोरालाच पंच नेमल्यासारखं झालं हे. त्या दिवशी सासूला जेवण गेलं नाही. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं, दहादा तिनं ते गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर सून ओरडेल, याची तिला भीती नव्हती. सून ओरडायची आणि विसरायची. पण "आई, तुम्ही आता फोन घेऊ नका" असं ती एकदा शांतपणे म्हणाली, की संपलं. मग त्या खुर्चीत नुसतंच बसायचं, वाळत घातलेल्या कापडासारखं. या एका विचारानं ती हादरून गेली होती.

कंपनीच्या दुकानात पंखा जोरात फिरत होता आणि काउंटरवरचा पोरगेला माणूस सौजन्यानं बोलत होता. सासूला वाटलं, यंत्र बिघडलेलं असेल, रेकॉर्डिंग सापडणार नाही. रेकॉर्डिंग चटकन सापडलं.

"आपण खातेदार स्वतः बोलताय ना?" गोड आवाजानं विचारलं.

"हो, मीच बोलते," काउंटरवरच्या रेकॉर्डिंगमधून सासू बोलली. आणि पाठोपाठ तिचा तो कोरडा खोकला, जो घरातल्या मांजरानंसुद्धा ओळखला असता.

सुनेनं मान वळवून सासूकडं बघितलं. सासूनं फरशीवरून नजर उचलली नाही.

"हा आवाज तुमचा नाही का, मॅडम?" काउंटरवाल्यानं विचारलं. "नसेल तर कोणीतरी तुमच्या नावानं बोललंय. मग ते प्रकरण वेगळं होतं. चौकशी लागते."

सुनेनं पिशवी खांद्यावर घेतली. एवढी भांडायला आलेली बाई, पण आवाज अगदी खाली गेला होता. "माझाच असेल," ती म्हणाली. "कामाच्या गडबडीत म्हणाले असेन. चला, आई."

आता मात्र सासूला राहवलं नाही. आपल्यापायी सून दोन वर्षं तुटक्या फोनवर ओरडत बसणार, आणि वर खोटंही बोलणार!

"तिचा नाही तो," ती म्हणाली. तिनं काउंटर धरला. "माझा आहे. करार तिचा, होकार मी दिला. आणि तुमच्या त्या मुलीनं दोन वर्षांचं नाव स्पष्ट घेतलं नाही, आहे तसंच म्हणाली. काय चौकशी करायची ती माझी करा."

काउंटरवाला एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. मग आत जाऊन साहेबाला विचारून आला. चौकशीचं नाव कोणी काढलं नाही. खातेदाराची संमतीच नाही म्हटल्यावर मुदतवाढ रद्द, आणि नंबर नेता येईल, असा कागद त्यानं शिक्का मारून दिला. जिंकलेल्या दोघी रस्त्यानं एकीमागं एक चालत आल्या. बेकरीत आल्या आल्या सुनेनं पिठात हात घातले. सासू खुर्चीत बसली, पण फोनपासून हात लांब ठेवून.

फोन वाजला. वाजत राहिला.

"आई, घेताय ना?"

"तूच घे बाई."

"हात बघा माझे!" सून खेकसली. "घ्या. फक्त माझ्या नावानं बोलू नका."

सासूनं फोन उचलला. दर आठवड्याला पाव मागवणाऱ्या शिक्षिकाबाई होत्या. एकट्या राहायच्या. ऑर्डर दोन वाक्यांची आणि गप्पा तासभर, दुखण्याखुपण्याच्या, परदेशी गेलेल्या लेकीच्या.

"मालकीणबाई ना?"

"नाही हो," सासू म्हणाली. "मी तिची सासू. फोन मीच घेत असते."

पलीकडं कोणी बोलेना. फोन तुटला की काय, म्हणून ती खिडकीकडं आणखी सरकली.

"अहो, मग इतकी वर्षं," शिक्षिकाबाईंनी हळूच विचारलं, "मी मनातलं सगळं बोलत होते ते कोणाशी?"

"माझ्याशी," सासू म्हणाली.