शालीच्या उबेत बोललेली डिस्क

माझ्या धाकट्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक हॉल होता. दर रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची, कारण तिथे मेलेली माणसं बोलत.

तिथले महाराज पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. लोक गेलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क आणून देत. महाराज आधी ती यंत्राला जोडून दाखवत. डिस्क हूं की चूं करत नसे. मग ते तिला शालीत गुंडाळून मांडीवर घेत आणि डोळे मिटत. आत्मा म्हणजे डेटा, देह म्हणजे नुसती डबी, असं काहीबाही पुटपुटत. बऱ्याच वेळाने डिस्क घरघरत जागी होई आणि स्पीकरमधून आवाज येई.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा काही वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. त्याच्या डिस्कमधून "आई, जेवलीस का?" असं आलं, तेव्हा त्या रडल्या नाहीत. नुसतं "हो" म्हणाल्या. मग महाराजांनी सांगितलं, की सुई टोचलेल्या देहाशी आत्मा फार दिवस बोलत नाही. जाऊबाईंनी इन्सुलिन सोडलं. आम्ही समजावलं, डॉक्टर रागावले.

"तो रुसला तर तुम्ही काढणार का त्याची समजूत?" त्या म्हणाल्या.

असे दोनेक महिने गेले. माझी थोरली मुलगी जुन्या डिस्क दुरुस्त करते. तिने मला एक उघडून दाखवली. आत आरशासारखी तबकडी आणि तिच्यावर एक बारीक हात. डिस्क वर्षानुवर्षं पडून राहिली, की हात तबकडीला चिकटून बसतो आणि मोटर अडते. ऊब मिळाली की कधीकधी सुटतो.

पुढच्या रविवारी ती अशीच एक अडलेली डिस्क घेऊन हॉलमध्ये गेली. ती चालत नाही, हे तिने सगळ्यांना दाखवलं. मग गरम पाण्याची रबरी पिशवी काढून डिस्क तिच्यावर ठेवली आणि एकोणीसचा पाढा म्हणायला लागली. लोक हसले. मध्येच ती चुकली, तेव्हा समोर बसलेल्या आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी दुरुस्त करून दिलं. थोड्या वेळाने डिस्क फिरली आणि पडद्यावर कुणाच्या तरी सहलीचे फोटो आले.

"फोटोतली ही मंडळी धडधाकट आहेत," ती म्हणाली. "त्यांनीच मला ही डिस्क विकली."

महाराज उठून जायला लागले. शिंपीकाकांनी शालीचं टोक धरलं. शालीतून तशीच एक गरम पाण्याची रबरी पिशवी खाली पडली.

मुलगी जाऊबाईंजवळ जाऊन बसली. "काकू, हा दादाने जिवंतपणी भरून ठेवलेला आवाज आहे. मी तो फोनवर घेऊन देते. हवा तेव्हा ऐका, पण इन्सुलिन घ्या."

"म्हणजे आत्ता नाही विचारलं त्याने."

"नाही, काकू."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इन्सुलिन घेतलं. मूत्रपिंडं तोवर गेली होती.

चमत्कार करणाऱ्याला एवढंच विचारावं, की हेच दुसऱ्या कुणी केलं तर होतं का. आणि औषध सोड म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नये.

मोठ्या जाऊबाई नऊ मार्चला दुपारी दवाखान्यात वारल्या.