कुंद्याचं वावर

भिलाने हातात आगकाडी घेतली तेव्हाच त्याच्या बायकोने, धनुबाईने, त्याला घरात कोंडायला हवं होतं.

१९३४ चा उन्हाळा. कळसाडीच्या भिलाकडे रनाळ्याहून दोधू येणार होता, मुलीचा बाप, घर-वावर पाहायला. आमच्याकडे पोरगा नंतर पाहतात, आधी वावर. आणि भिलाच्या वावरात कुंदा. हे गवत काळ्या जमिनीत हातभर खाली मुळं सोडून ठाण मांडतं. याच कुंद्यापायी भिलाच्या पोराचं, सुकलालचं, एक स्थळ मोडलं होतं. दुसरंही मोडलं तर पोरगा बिनलग्नाचा राहील, या धास्तीने बापाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

खणून काढायचा तर अख्खा उन्हाळा गेला असता. भिलाने वावर पेटवलं. कसं काळंभोर, स्वच्छ झालं!

"वरलं जयनं, खालनं जित्तं शे," धनुबाई म्हणाली. वरचं जळलं तरी खालची मुळं जिवंत, असं तिचं म्हणणं.

"तू गप ऱ्हाय."

नेमकं दोधूच्या भाऊबंदांत सुतक पडलं आणि त्याचं येणं लांबलं. तेवढ्यात राखेतून हिरवे कोंब वर आले. आघाडा, कुरडू, केना यांचं वर पडलेलं बी आगीत भाजून गेलं होतं. कुंद्याचा जीव खाली. आगीने त्याचे वाटेकरी तेवढे संपवले आणि सगळं वावर त्याच्या एकट्याच्या नावावर करून दिलं. भिला रोज वखर फिरवून कोंब कापायचा, तर एकाच्या जागी दोन हजर. ओट्यावर टेकला की उठायचा, वावरात जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

दोधू आला तो भर उन्हात. बांधावर गाडी सोडली, आणि त्याचे बैल चाऱ्याची वाट न बघता वावरात घुसून हिरवं ओरबाडू लागले. भिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुंदा शे, दोधूभाऊ," तो एकदाचा बोलून गेला. "मी पेटाडी दिन्हं. तुमले दिसाले नको म्हनीसन."

दोधूने खाली बसून एक कोंब उपटला. तो वरच्यावर तुटून हातात आला. मग त्याने डोक्याचं पागोटं काढून गाडीत ठेवलं.

"कुदय आना."

"आनि लगीन?"

"पहिले कुदय आना."

सुकलाल धावत कुदळी घेऊन आला. पाहुण्याने परीटघडीचं धोतर वर खोचलं आणि तो खणू लागला. सुकलाल दुसऱ्या बाजूने. भिला काठावर उभा. काळी ढेकळं वर येत होती, त्यांत पांढरी मुळं, आणि मुळांच्या खाली आणखी मुळं. दोधू मांडीइतका खड्ड्यात गेला, घाम निपटला आणि वर पाहून खेकसला,

"उभा काय ऱ्हायनात, याही? टोपलं द्या ना!"

व्याही म्हणाला होता तो. टोपलं भिलाच्या पायाशीच होतं, पण डोळे इतके भरून आले होते की त्याला ते दिसेना.